मालकाचं ऐकायचं नाही

सरांनी मला नोकरीवर घेतलं त्या दिवशी जनावरांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "तुमचं गाव सोनपेठच का?" असं विचारलं. मी हो म्हटलं. मग सोनपेठचा बाजार कुठल्या वारी भरतो, स्टँडवरून शाळेकडं जाताना डाव्या हाताला काय लागतं, गोदावरीला पाणी आलं की कुठला रस्ता बंद होतो, असं बराच वेळ विचारत राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांना, ते शिकवतात त्या शाळेतल्या एका शिक्षकांनी सांगितलं, की परभणीहून कुणीतरी तुमच्या मुलीची चौकशी करत होतं. वडिलांना वाटलं, स्थळ आलं. आईनं तर घरातला जुना पडदाही बदलला.

मी तेव्हा नुकतीच पशुवैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडले होते. सरांचा दवाखाना परभणीत वसमत रोडच्या एका गल्लीत होता. फक्त कुत्र्या-मांजरांचा. गावात त्यांना काही लोक 'सीआयडी डॉक्टर' म्हणायचे आणि तरीही त्यांच्याकडेच यायचे. उंच, वाळके, चष्मा कपाळावर चढवलेला. पांढरा कोट कधीच घालायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, पांढरा कोट बघितला की जनावरही नाटक करतं आणि मालकही.

पहिल्या सकाळी त्यांनी मला टेबलाच्या पलीकडं उभं केलं आणि सांगितलं, "म्याडम, कॉलेजात तुमाला शिकवलं असंल, आधी मालकाला विचारा, मग जनावर तपासा. इथं उलटं. मालकाचं ऐकायचं न्हाई. ऐकल्यासारखं करायचं."

मी हसले. ते हसले नाहीत.

दवाखान्याला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी होती. रिक्षा किंवा जीप थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून सर त्या खिडकीशी जायचे आणि पडद्याच्या फटीतून बघायचे. कुत्रं उतरताना कुठल्या पायावर भार टाकतं, मालकाच्या हाताकडं जातं की हातापासून लांब सरकतं, नवराबायको उतरताना काय बोलतात. पेशंट आत येईपर्यंत सर पुन्हा खुर्चीत बसलेले असायचे आणि चेहऱ्यावर अशी कळा, की जणू आता पहिल्यांदाच बघतायत. मग प्रश्न सुरू. काय खाऊ घातलं, कधीपासून, काय औषध दिलं. हेच प्रश्न वजन करताना पुन्हा. आणि मालक दारात वाकून चप्पल घालत असताना, अगदी सहज आठवल्यासारखं, पुन्हा एकदा. "चप्पल घालताना माणूस खरं बोलतो," असं ते म्हणायचे. याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मी इतक्या लोकांना उंबऱ्यावर एका पायावर उभं राहून खरं बोलताना पाहिलंय, की मला आता कारणाची गरज वाटत नाही.

एकदा एक कुटुंब लॅब्रॅडॉर घेऊन आलं. कुत्रं इतकं जाड, की टेबलावर चढवायला तिघं लागले. सारखं उलट्या करत होतं. "आम्ही दूध-भाताशिवाय काहीच देत नाही," बाई म्हणाल्या. सरांनी मान डोलावली, खिशात हात घातला आणि खिशातल्या खिशात एक प्लास्टिकचं पाकीट चुरचुरवलं. तो आजारी कुत्रा ताडकन उठून बसला, पुढचा पाय वर केला आणि जीभ बाहेर काढून वाट बघायला लागला.

"याला पाकिटाचा आवाज कळतो," सर म्हणाले. "दूध-भात पाकिटात येतो का तुमच्याकडं?"

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं सासऱ्यांकडं. शेवटी निष्पन्न झालं, की घरातला प्रत्येक जण इतरांच्या नकळत त्याला तळलेलं काहीतरी देत होता. स्वादुपिंडाला सूज होती. सलाइन लावलं, पोटाला विश्रांती दिली, मग मोजकं, बिनतेलाचं खाणं. बरा झाला. पण जाताना ते सगळे एकमेकांकडं असे बघत होते, की मला वाटलं, आता यांच्या घरात शेवेचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवणार.

एका वकिलांचा लांब कानांचा कुत्रा सारखं डोकं झटकायचा. "घरगुती काही केलं नाही ना?" "अजिबात नाही." सरांनी कापसाचा बोळा कानात फिरवला, स्वतः हुंगला आणि वकिलांच्या नाकाशी धरला. लसूण घालून कडवलेल्या तेलाचा वास साऱ्या खोलीत पसरला. आतला कान लालभडक. "साहेब, कोर्टात तुमीच म्हणता ना, पुरावा द्या म्हणून," सर म्हणाले. वकील लाजले, पण दर महिन्याला कान साफ करायला मात्र नेमानं यायला लागले. खरजेच्या कुत्र्याला गाडीचं काळं ऑइल फासून आणणारे, पिल्लाला लस दिली म्हणून शपथ घेणारे आणि मग रक्ताची हगवण लागल्यावर "बहुतेक दिली असंल" म्हणणारे, हे तर आठवड्याचे झाले. सर कुणावर ओरडायचे नाहीत. फक्त बघत राहायचे. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट.

हा संशय मालकांपुरताच असता, तर मी समजू शकले असते. पण त्यांचा इतबार कशावरच नव्हता. लसी ठेवायच्या फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ते एका वाटीत पाणी गोठवून त्याच्यावर एक नाणं ठेवायचे. सकाळी आल्या आल्या नाणं बघायचे. वरच असलं तर ठीक. बर्फात बुडालेलं असलं तर रात्री बराच वेळ लाइट गेली होती, बर्फ वितळला होता आणि पुन्हा गोठला होता. मग लसी फेकून द्यायच्या. शेजारचा दुकानदार कितीही म्हणू दे, लाइट गेलीच नव्हती. भुलीच्या औषधाच्या बाटलीवर बॉलपेननं रेघ ओढलेली असायची, आदल्या संध्याकाळी औषध जिथपर्यंत होतं तिथं. दवाखान्यात भुलीच्या बाटलीला हात लावणारी माणसं दोनच, ते आणि मी. तेव्हा ती रेघ कुणासाठी आहे, हे विचारायची गरज नव्हती.

मलाही मग त्यांचा संशय यायला लागला. रोज दुपारी ते औषधांच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायचे. अर्धा-पाऊण तास काही आवाज नाही. बाहेर आले की डोळे लाल. मी काय काय कल्पना केल्या, ते सांगत नाही. एकदा तर ते आत जायच्या आधी मीही त्या बाटलीवरच्या रेघेच्या खाली माझी बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी औषध तितकंच होतं.

त्या दुपारचा उलगडा मला सरांच्या बायकोनं केला. मी त्यांना वहिनी म्हणायचे. संक्रांतीला त्यांनी हळदी-कुंकवाला बोलावलं होतं. मी जरा धीर करून विचारलं, तर त्या हसल्या. "झोपतात हो. आपण झोपल्यालं कुणाला दिसू नये, असं हाय त्यांचं." मग त्यांचं हसू गेलं आणि त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी मी विचारलीही नव्हती.

सर पूर्वी सरकारी नोकरीत होते, एका तालुक्याच्या दवाखान्यात. एक माणूस कुत्रा घेऊन आला. तोंड उघडंच, लाळ गळत होती. "गळ्यात हाड अडकलंय साहेब, सकाळपासून," म्हणाला. सरांनी विचारलं, कुठलं कुत्रं याला चावलं होतं का? माणूस म्हणाला, न्हाई. सरांनी तोंडात हात घातला, हाड शोधलं. दवाखान्यातल्या शिपायानं कुत्र्याचं डोकं धरलं होतं. हाड नव्हतं. कुत्रा पिसाळलेला होता. आधीच्या महिन्यात त्याला गावातलं एक पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, ते मालकाला पक्कं ठाऊक होतं. सांगितलं तर कुत्रा मारून टाकतील म्हणून बोलला नव्हता. सरांनी सगळी इंजेक्शनं घेतली. शिपायानं पहिली घेतली, मग दंड दुखतो म्हणून गेला नाही. सर त्याला आणायला त्याच्या घरी जायचे, तर तो घरच्यांना सांगायचा, मी घेतली म्हणून सांगा. घरच्यांनी सांगितलं. सरांनी विश्वास ठेवला.

"तो गेला तेव्हा त्याची बायको माझ्याएवढी होती," वहिनी म्हणाल्या आणि तिळगुळाची वाटी माझ्यापुढं सरकवली.

त्यानंतर बाटलीवरच्या रेघेचा मला राग आला नाही.

उलट हळूहळू मीही तशीच व्हायला लागले. एका मांजरीनं ते पक्कं केलं. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ तिला टोपलीत घालून आले. सोबत बायको आणि म्हातारी आई. मांजर तोंड उघडून धापा टाकत होती, चेहरा सुजून गोल झालेला, आणि हिरड्या पाहिल्या तर गुलाबीऐवजी पार तपकिरी. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं. माणसांची तापाची गोळी मांजरीला दिली की असं होतं. तिच्या शरीराला ती गोळी पचवताच येत नाही, रक्त प्राणवायू वाहायचं बंद करतं. उतारा आहे, पण वेळ हातातून निसटत असतो.

"गोळी दिली का काही?"

"छे! आम्ही इतके अडाणी नाही," गृहस्थ म्हणाले.

सरांनी पुन्हा विचारलं नाही. मला उतारा आणायला जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये पाठवलं. मी परत आले तेव्हा ते त्या तिघांसमोर शांत बसले होते. म्हणाले, "गोळी कुणी दिली, ते मला कळालंय. त्याबद्दल मला काही बोलायचं न्हाई. पण किती दिली, एवढं सांगितलं तर उतारा किती द्यायचा ते ठरवता येईल. न्हाई सांगितलं तर अंदाजानं देतो."

त्यांना काही कळलेलं नव्हतं. शुद्ध थाप होती. पण म्हातारीचा पदर डोळ्याला गेला. "अर्धीच दिली होती हो, दुधात कालवून. लय तापली होती ती." मुलगा आईवर उसळला. सर त्याला म्हणाले, "साहेब, तुमी असे उसळता, म्हणूनच त्यांनी सांगितलं न्हाई."

मांजर वाचली. त्या दिवसापासून समोरचा माणूस 'न्हाई' म्हणाला की मी त्या 'न्हाई'चा आवाज ऐकायला लागले. खरं 'न्हाई' थोडं उशिरा येतं. आधी माणूस आठवून बघतो. खोटं 'न्हाई' तयारच असतं.

आणि म्हणूनच पिंगळीच्या आक्का आल्या, त्या दिवशी दत्ताचं 'न्हाई' मलाही खोटंच वाटलं होतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी पिंगळीहून जीप आली. सर खिडकीशी गेले, मीही मागून बघत होते. आक्का म्हणजे साठीच्या पुढच्या, ताठ, कपाळ मोकळं, पायात पुरुषी चपला. चांगली काळी जमीन होती त्यांची. नवरा गेल्यावर शेती दिराच्या मुलाच्या, दत्ताच्या जिवावर चालली होती. मूलबाळ नव्हतं, दत्ता लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढलेला. त्याचं नाव घेताना त्या 'आमचा दत्ता' असंच म्हणायच्या. दत्तानं मागच्या बाकावरून कुत्र्याला उचललं तसं कुत्रं मोठ्यानं केकाटलं आणि त्याच्या हातातून अंग चोरून घ्यायला लागलं. सरांनी पडदा सोडला.

कुत्र्याचं नाव बंटी. लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, चकचकीत काळा. नाकातून रक्ताची बारीक धार. उताणा केला तर पोटावर आणि मांड्यांच्या आत निळे-जांभळे डाग.

"कालपासून रक्त यायलंय," आक्का म्हणाल्या. "जेवला बी न्हाई."

सर दत्ताकडं वळले. "पडला का कुठं?"

दत्तानं विचार केला. "न्हाई जी."

"गाडीनं उडवलं?"

"न्हाई... मी तर बघितलं न्हाई."

"काही केलं का तुमी ह्याला?"

"न्हाई." प्रश्न पुरता संपायच्या आत.

मी म्हणाले, "सर, रक्त घेऊन बघू का? गोचीड तापात असे डाग येतात."

"एक तरी गोचीड दाखवा मला," सर म्हणाले.

मी कानात बघितलं, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, शेपटीखाली बघितलं. एकही नाही. केस स्वच्छ, साबणाचा वास येत होता. मी पुन्हा म्हणाले, "तरी बघूया ना सर." ते म्हणाले, "म्याडम, आधी माणूस तपासा." त्यांनी रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि दत्ताला जीपमधून पाण्याची बाटली आणायला पाठवलं. तो दाराबाहेर गेला तसे आक्कांकडं वळून म्हणाले, "आक्का, कुत्रं पडलेलं न्हाई, गाडीखाली आलेलं न्हाई. ह्या माराच्या खुणा हायेत. लाथांच्या. घरात राग कुणाला येतो?"

"घरात आमी दोघंच हाव," आक्का म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

दत्ता पाणी घेऊन आला. आक्कांनी त्याच्याकडं बघितलं. रोजच्या माणसाकडं आपण कधी नीट बघत नाही, तसं नीट बघितलं. त्यानं बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. येताना त्या मागच्या बाकावर त्याच्या शेजारी बसून आल्या होत्या. जाताना पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या.

पंधरवड्यानं तीच जीप पुन्हा आली. या वेळी ड्रायव्हरनंच बंटीला उचलून आणलं. नाकातून पुन्हा रक्त, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर नवे डाग. उभं राहायची ताकद नव्हती.

"दत्ता कुठाय?" सरांनी विचारलं.

"गेला." आक्का भिंतीकडं बघत म्हणाल्या. "पाथरीला, बी-बियाण्याच्या दुकानात लागलाय म्हणे. मी विचारलं त्याला. म्हणला, मारलं न्हाई. मी म्हणले, मंग डाक्टरसाब खोटं बोलायलेत का? त्यावर उठला आन् गेला. परतून बघितलं न्हाई."

"कधी गेला?"

"तुमच्याकडून गेलो त्याच्या दुसऱ्या दिशी."

सरांनी बंटीच्या पोटावरचा नवा डाग बोटानं दाबून बघितला. लालजांभळा, ताजा. त्यांच्या तोंडून सवयीनं प्रश्न आला, "मग घरी कोण कोण येतं?"

"कोण येईल?" आक्का म्हणाल्या. "मी आन् ह्योच."

मी सुई घेतली, बंटीच्या पुढच्या पायातून रक्त काढलं, काचेवर पसरलं, रंग चढवला. सरांनी मला बाजूला सारून स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ. मग वर न बघता म्हणाले, "काच ह्याचीच हाय ना?"

"तुमच्यासमोर काढलं, सर."

त्यांनी उठून स्वतः पुन्हा रक्त काढलं, दुसरी काच केली. पुन्हा बघितलं. मग मला बोलावलं. रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी जवळजवळ दिसतच नव्हत्या. आणि एका पांढऱ्या पेशीच्या पोटात तुतीच्या फळासारखा गच्च झुबका. गोचीड तापाचा जंतू. पुस्तकात असतो तसाच.

मला वाटलं, सर आता मला बाहेर पाठवतील आणि आक्कांना काहीतरी गुळमुळीत सांगतील. मी खरंच तसा संशय घेतला. पण ते स्टुलावर आक्कांच्या समोर बसले.

"आक्का, ह्याला कुणी मारलेलं न्हाई. गोचीड ताप हाय. ह्यात रक्त गोठायचं बंद होतं, मग कातडीखाली आपोआप सांडतं. त्यालाच मी मार म्हणलो. सांधे दुखतात, म्हणून हात लावला की वरडत होता. मी चुकलो."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. "मंग आता?" त्यांनी विचारलं. कुत्र्याबद्दल विचारलं की दत्ताबद्दल, ते कळलं नाही. सरांनी कुत्र्याबद्दल उत्तर दिलं.

बंटीला आम्ही दवाखान्यातच ठेवून घेतलं. सलाइन, रक्तवाढीची औषधं, आणि जंतू मारणाऱ्या गोळ्या, ज्या पुढं महिनाभर न चुकता द्यायच्या. पहिले काही दिवस खात्री नव्हती. सर दुपारी खोलीत जाऊन कडी लावायचे बंद झाले. बंटीच्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे, सगळ्यांना दिसेल असे. एका सकाळी बंटीनं उकडलेलं अंडं खाल्लं आणि पिंजऱ्याच्या गजाला नाक लावलं. नाकात रक्त नव्हतं.

त्याच आठवड्यात सर म्हणाले, "म्याडम, रविवारी पाथरीला चला."

"मी कशाला सर?"

"मी माफी मागितलीच न्हाई, असं उद्या मीच म्हणंन. एक माणूस साक्षीला पायजे."

दत्ता दुकानाच्या मागं खताची पोती रचत होता. आम्हाला बघून त्याचं तोंड उतरलं. सरांनी प्रस्तावना केली नाही. गोचीड ताप, काच, झुबका, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझी हाय. मी आक्कांना सांगितलंय. आता तुला सांगायलोय."

दत्ता खालच्या पोत्याची शिवण चाचपत राहिला. "तुमची एकट्याची न्हाई साहेब. लय गोचीड झाले होते त्याला. कानात नुसते लोंबत होते. मी कापसावर मारायचं औषध पाण्यात टाकून अंगाला लावलं. गोचीड गेले सगळे. मग चार-आठ दिसानं नाकातून रक्त. मला वाटलं, माझ्याच औषधानं झालं. साबण लावून दोनदा धुतलं त्याला, वास जावा म्हणून. आक्काला कळलं तर..." तो थांबला. "लय जीव हाय तिचा त्याच्यावर."

मी सरांकडं पाहिलं. त्यांच्या आयुष्यभराच्या संशयाला एवढा चोख दाखला क्वचितच मिळाला असेल. पोरगं खोटं बोललं होतं. खरं बोललं असतं, तर गोचीड होते हे कळलं असतं, आणि पहिल्याच दिवशी निदान झालं असतं. सरांचे ओठ उघडले. काहीतरी होतं तिथं. ते त्यांनी गिळलं.

"तू खोटं बोललास, ते मला कळलं होतं," ते म्हणाले. "कशाबद्दल बोललास, ते कळलं न्हाई. ते हुडकणं माझं काम होतं. मी ते केलं न्हाई, वरून तुझ्यावर आळ घेतला."

"तुमचं काय न्हाई जी. तुमी परके," दत्ता म्हणाला. "आक्कानं बघितलं ना माझ्याकडं. त्या टायमाला."

परतीच्या वाटेवर सरांनी गाडी सरळ पिंगळीला नेली. आक्कांच्या दारात थांबवली, उतरून गोठ्याच्या भिंतीच्या फटी टॉर्च लावून दाखवल्या. फटीफटीत गोचीड होते. भिंती कशा लिंपायच्या, फवारणी काय करायची, बंटीच्या मानेवर कुठलं औषध टाकायचं, सगळं समजावलं. मग दत्ता काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. आक्का ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या एसटीनं पाथरीला गेल्या. तिथं दोघांत काय बोलणं झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सर यानंतर विश्वासू वगैरे झाले, असं मी म्हणणार नाही. खिडकीचा पडदा तसाच फटीनं उघडा राहिला. नाणं फ्रिजमध्ये राहिलं. फरक एवढाच, की रक्त तपासल्याशिवाय ते तोंड उघडेनासे झाले. मला सांगितलं, "जनावराला काय झालंय, तेवढं बोलायचं. कुणी केलं, ते बोलायचं न्हाई." आणि एखाद्या अवघड केसमध्ये निदान करून झालं की मला विचारायला लागले, "तुमाला काय वाटतं?" आणि उत्तराची वाट बघत थांबायला लागले. पहिले काही महिने मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. मी घाबरून त्यांच्याशी सहमत व्हायचे. मग एकदा सर चिडून म्हणाले, "काय वाटायलंय ते सांगा ना खरं. हो-ला हो म्हणायला म्याडम कशाला पायजे?"

पुढच्या वर्षी आक्का बंटीला पिसाळण्याच्या लसीसाठी घेऊन आल्या. बंटी जाड झाला होता, टेबलावर स्वतःहून चढला. मी लस टोचली. सरांनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, कानात बघितलं.

"गोळ्या पुऱ्या केल्या होत्या?"

"दत्तानंच दिल्या," आक्का म्हणाल्या.

"म्हणजे आला का तो परत?" मी विचारलं.

"गोळ्या चालू होत्या तवाच आला. शेत बघतो सगळं. ह्याला रोज फिरवून आणतो." त्यांनी बंटीच्या पट्ट्याची कडी उगाचच फिरवली. "पण घरात न्हाई राहत. शेतात आखाडा हाय, अवजारं ठेवायची खोली, तिथं राहतो. चूल बी तिथंच मांडली. मी भाकरी पाठविते, तर डबा तसाच माघारी येतो." मग त्या सरांकडं बघून, कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "कुत्रं पुरं बरं केलंत डाक्टरसाब. पुतण्या अर्धाच आला."

सरांनी बंटीला टेबलावरून दोन्ही हातांनी उचललं, तो चालत जाऊ शकत होता तरी, आणि स्वतः जीपपर्यंत नेऊन मागच्या बाकावर ठेवलं. आक्का बसल्या. जीप वसमत रोडच्या वळणाआड गेली, तरी ते तिथंच उन्हात उभे होते.